पत्ता तर बरोबर होता

सौंसरला मी शाळेत रुजू झालो, त्याच दिवशी एका माणसाचं चित्र खाऊन टाकलं. हे मी ज्याला ज्याला सांगितलं, त्यानं त्यानं 'हा भैताड आहे का' अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं. पाहू द्या. झालं ते असंच झालं.

पांढुर्ण्याहून सकाळच्या बसनं निघालो तेव्हा पोटात अर्धा कप चहा होता. शाळेत कागदपत्रं, हेडमास्तरांचं भाषण, वर्गांची ओळख, असं करता करता दुपारचे तीन वाजले. शिपाई म्हणाला, पोस्टातून रिटायर झालेल्या काकाजींच्या घरामागची खोली खाली आहे, जाऊन पाहा. गेलो. फाटक उघडं, दार उघडं. दोनदा आवाज दिला, कोणी ओ देईना. समोरच्या खोलीत खिडकीपाशी टेबल, टेबलावर प्लेट, प्लेटीत दोन सांभारवड्या न एक करंजी, आणि शेजारी ताजं तोडलेलं जास्वंदाचं फूल. सांभार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. ती भरून तळलेली वडी समोर असल्यावर माणसाची अक्कल तशीही कमी होते. मी म्हटलं, शिपायानं निरोप दिलेला दिसतो, घरच्यांनी आपल्यासाठीच ठेवलं. आणि आमच्याकडे पाहुण्यापुढची प्लेट तशीच राहिली तर तो घरच्या बाईचा अपमान. मी पडलो संस्कारी माणूस. दोन्ही वड्या संपवल्या, करंजी अर्धी तोंडात होती, तेवढ्यात मागच्या दारातून काकाजी आले. उंच, वाळके, अंगात बंडी, एका हातात पाण्याचा ग्लास आणि कानावर ब्रश.

तेव्हा कुठे मला टेबलाच्या दुसऱ्या टोकाला डकवलेला कागद दिसला. कागदावर हीच प्लेट होती. जास्वंद पुरं रंगवून झालं होतं, एक वडी झाली होती, दुसरी वडी न करंजी नुसती पेन्सिलीत. आणि खऱ्या प्लेटीत उरला होता चुरा. उरलेली अर्धी करंजी माझ्या हातातच राहिली.

काकाजी प्लेटीकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे. रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते आत तोंड करून म्हणाले, "इकडे ये वो. पाह्य, प्लेट खाली झाली."

काकू आल्या, हाताला पीठ लागलेलं. त्यांनी रिकामी प्लेट पाहिली, पदर तोंडाला लावला आणि आल्या तशा आत गेल्या. मी गयावया करायला लागलो, की काकाजी, मला काय माहीत तुम्ही याचं चित्र काढून राहिले, चुकलं माझं, मी बाजारातून तशीच करंजी आणून देतो. ते म्हणाले, "हातातली पुरी करा, मास्तर. अर्धी ठेवू नका." मग कागदाची चिकटपट्टी काढली, चित्र उचललं आणि म्हणाले, "हे आता पूर्ण कराचं काम नाही." एवढं बोलून त्यांनी मला खोलीची किल्ली दिली. नाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही. भाडेकरूचं आडनाव न विचारणारा घरमालक मी पहिल्यांदाच पाहत होतो.

किल्ली घेताना मान वर केली तेव्हा भिंतीवर बुद्धाची तसबीर दिसली. म्हणजे ही बौद्ध मंडळी. आमच्या पांढुर्ण्याच्या बागेत संत्र्याच्या तोडणीला बौद्ध वस्तीतली बाया-माणसं पिढ्यानपिढ्या येतात, आमच्या विहिरीवर पाणी पितात. पण त्यांच्या घरचं पाणी आमच्या घरातलं कोणी प्यायल्याचं मी ऐकलं नव्हतं. कोणी मना केलं नव्हतं, कोणी त्यावर बोलतही नव्हतं. तसबीर मला आधी दिसली असती तर मी ती प्लेट खाल्ली असती का, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. पोट भरलं होतं.

काकाजी चक्रम होते, यात गावाचं दुमत नव्हतं. सगळी नोकरी पोस्टात टपाल लावण्यात गेली, त्यामुळे माणूस त्यांना चेहऱ्यावरून नाही, पत्त्यावरून आठवायचा. कोणी रस्त्यात नमस्कार केला की म्हणायचे, हा टाकीमागचा तिसरा. अंगणात त्यांनी जास्वंद, शेवंती, मोगरा, गुलबक्षी, सदाफुली, जे जगेल ते लावलं होतं. घरी कोणी आलं की पाणी देण्याआधी हे अंगणात जायचे आणि झाडाला सांगायचे, "एक पाहुणा आहे. एकच देजो." दोन पाहुणे असले तर दोन फुलं. फूल प्लेटीशेजारी ठेवायचं आणि एकदाच म्हणायचं, "घ्या न जी." दुसऱ्यांदा नाही. आमच्याकडे तर पाहुण्याच्या मागे लागून लागून त्याला खायला लावतात, नाही म्हटलं तर हात धरतात. मला ते फार कोरडं वाटायचं. एकदा बोललोही. ते म्हणाले, "ठेवणं आपलं काम. हात धरून डिलिवरी होत नाही, मास्तर."

चित्र काढायची त्यांची वेळ ठरलेली नव्हती. आठ आठ दिवस रंगाची पेटी उघडायची नाही, आणि मग एखाद्या दिवशी दोन चित्रं. माझ्या एवढंच ध्यानात आलं की पाहुणा येऊन गेला की ब्रश निघतो. मी म्हटलं, चार माणसांत बसलं की यांना हुरूप येत असेल. पाहुणा फाटकाबाहेर पडला की ते दारात उभे राहून त्याच्या पाठीकडे पाहायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, "पत्ता तर बरोबर होता." मग भराभरा कामाला लागायचे, कारण तळलेल्या पदार्थाचं तेज अर्धा घंटाच टिकते. त्यांच्या पेटीत पांढरा रंग नव्हता. मोगरा कसा काढता मग, मी विचारलं. तर म्हणाले, मोगरा काढाचाच नाही, त्याच्या आजूबाजूचं काढाचं, मोगरा आपोआप दिसते. आणि खरंच दिसायचा. आलूबोंड्याच्या पोटावरची चमक, करंजीची मुरड, चकलीचे काटे, शेवंतीची एक पाकळी वाकलेली. बाप्पा, काय हात होता त्या माणसाचा! मी चित्रातलं काही समजणारा माणूस नाही, इतिहास शिकवतो. पण त्या चित्रांपुढे मला भूक लागायची.

चित्र वाळलं की ते उलटं करायचे, पोस्टातल्या जुन्या पेनानं मागे काहीतरी लिहायचे आणि पत्र्याच्या पेटीत ठेवून द्यायचे. मग दोघं नवराबायको समोरासमोर बसून ती गार झालेली प्लेट वाटून खायचे. "वापस आलेला माल आपला," काकाजी म्हणायचे. मी हसायचो. मला तो पोस्टातला विनोद वाटायचा.

एकदा मी बसस्टँडवरून गरम जलेबी आणली, त्यांच्याच अंगणातला गुलाब तोडला, दोन्ही प्लेटीत मांडलं आणि म्हटलं, काकाजी, आज याचं काढा. त्यांनी एक तुकडा उचलून तोंडात टाकला. "हे तर आपण खाऊन राहिलो," ते म्हणाले. "मग याचं चित्र कायले काढाचं?" मी थक्क. हा कसला चित्रकार, ज्याला सुंदर वस्तू समोर ठेवली तर खायची सुचते?

आणि मी अर्ध्यात खाल्लेलं ते पहिलं चित्र? ते त्यांनी काचेत मढवून टेबलावरच्या भिंतीवर लावलं होतं. घरात तेवढं एकच चित्र भिंतीवर. येणारा-जाणारा विचारायचा, हे अर्धंच काहून? काकाजी माझ्याकडे बोट दाखवायचे. माझी फजिती म्हणून यांनी ती टांगून ठेवली, असंच मी धरून चाललो होतो. काढा म्हणून चारदा सांगितलं. ऐकलं नाही.

काकूंचं काय सांगू? पहिल्याच महिन्यात माझ्या मेसच्या डब्यातली आमटी त्यांनी पाहिली आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी माझ्यासाठी काही ना काही झाकून ठेवायच्या. मी खाताना दाराच्या आडून पाहायच्या. संपलं की प्लेट उचलायला स्वतः यायच्या, मला उचलू द्यायच्या नाहीत.

आता बाबांचं सांगतो. माझे बाबा जामसांवलीला शनिवारी हनुमानाच्या दर्शनाला आले होते, तिथून पोराची खोली पाहायला सौंसरला आले. काकाजींनी अंगणात जाऊन दोन फुलं तोडली. काकूंनी आलूबोंडे तळले, सोबत सांभारवडी. बाबा खुर्चीत बसले, भिंतीवरची तसबीर पाहिली, आणि मी त्यांचा चेहरा बदलताना पाहिला. "घ्या न जी," काकाजी म्हणाले. बाबांनी हात जोडले. डॉक्टरनं तळलेलं बंद केलं म्हणाले. माझे बाबा, जे आजारी असतानाही भजे सोडत नाहीत! लाजेनं माझी मान खाली गेली. फाटकाबाहेर पडल्यावर मी त्यांना नुसता बसस्टँडवर पोचवून आलो. दुसऱ्या दिवशी काकाजींनी बाबांचा लाल काठाचा दुपट्टा घडी करून माझ्या हातात ठेवला. राहिला होता म्हणाले. मला बाबांचा पुढे कितीतरी दिवस राग होता. शाळेत मित्रांना मी हे सांगायचो, की पाहा, आमची जुनी पिढी अशी आहे. सांगताना मी स्वतः फार सुधारलेला दिसायचो.

शाळेचं स्नेहसंमेलन आलं तेव्हा मी हट्टाला पेटलो की काकाजींच्या चित्रांचं प्रदर्शन लावायचं. ते नाहीच म्हणत होते. दोन महिने मी मागे लागलो. शेवटी काकूच म्हणाल्या, द्या न, पोराचं मन राहते. मग ते तयार झाले, पण एका अटीवर. चित्रं भिंतीला लावायची नाहीत. हॉलच्या मधोमध दोरी बांधून कपड्यांसारखी चिमट्यांनी टांगायची, माणसाला दोन्हीकडून फिरता आलं पाहिजे. आणि लावायची मी, एकट्यानं. त्रेचाळीस चित्रं त्यांनी मोजून दिली. भिंतीवरचंही काढून दिलं, काचेतून सोडवून.

आदल्या दिवशी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये मी पहिला चिमटा लावला आणि चित्राची मागची बाजू माझ्याकडे झाली. वर आमच्या मध्य प्रदेशातल्या पोस्टाच्या पद्धतीनं हिंदीत लिहिलेलं: 'लेने से इनकार. वापस.' पत्र न घेता परत आलं की पोस्टमन लिहितो, तेच. त्याखाली मराठीत: 'शनिवारचा उपास म्हणाले. आज गुरुवार.'

मी दुसरं उलटवलं. 'शुगर आहे म्हणाले. चहात तीन चमचे चालते, ऑफिसात पाहिलं आहे.' तिसरं. 'आताच नाश्ता झाला. घाईत आहो. (गेटवर एक घंटा बोलत उभे होते.)' चौथं. 'बांधून द्या, घरी नेऊन खातो म्हणाल्या. पुडी नालीपाशी सापडली.'

मी तिथेच, हॉलच्या फरशीवर, फतकल मारून बसलो. एकामागून एक उलटवत गेलो. नाव एकाही चित्रामागे नव्हतं. तारीख, आणि बहाणा. ही फुलं, हे बोंडे, ही करंज्यांची मुरड, ज्यांच्यापुढे उभं राहून मी दोन वर्षं 'वा, काय रंग' करत होतो, त्या सगळ्या त्या घरात कोणी न खाल्लेल्या प्लेटा होत्या. प्रत्येक चित्र म्हणजे कोणीतरी उठून गेलेलं होतं. काकू पहाटे पीठ भिजवायच्या, आणि हे असं परत यायचं. म्हणूनच माझ्या जलेबीचं चित्र काढलं नव्हतं त्यांनी. म्हणूनच चावलेला घास एकाही चित्रात नव्हता. आणि मी म्हणत होतो की पाहुणे आले की काकाजींना हुरूप येतो!

मग ते अर्धं चित्र हाती आलं. माझं. मागे एकच शब्द होता, पोस्टाचाच: 'वितरित.' म्हणजे पोचलं, ज्याचं त्याला मिळालं. त्रेचाळीसांत असं एकच. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. आणि रडता रडता छातीही फुगली. सगळ्या गावात एक मी निघालो!

ती फुगलेली छाती पुढची दहा मिनिटं टिकली. कारण मला आता बाबांचं चित्र शोधायचं होतं. ते असणारच होतं. सापडलं. दोन शेवंतीची फुलं, आलूबोंडे, सांभारवड्या, टेबलाच्या कडेवरून लोंबणारा लाल काठाचा दुपट्टा. आणि प्लेटा दोन. दोन्ही भरलेल्या.

दोन कशा? मी कितीतरी वेळ त्या दुसऱ्या प्लेटीकडे पाहत राहिलो. बाबांची एक. दुसरी कोणाची? मग उलटवलं. 'एकाला डॉक्टरनं तळलेलं बंद केलं. दुसरा म्हणे, माझंही आताच जेवण झालं. त्याचा डबा सकाळपासून खिडकीत भरलेला दिसत होता. दुपट्टा विसरले म्हणून मागोमाग बसस्टँडवर गेलो. दोघं आलूबोंडे खाऊन राहिले होते. दुपट्टा न देता वापस आलो.'

आठवलं. सगळं आठवलं. बाबांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं होतं, आणि काकूंच्या हातचं रोज खाणारा मी म्हणालो होतो, माझंही आताच झालं. बसस्टँडवर बाबांनीच दोन प्लेट आलूबोंडे मागवले होते. मी वर मिरचीही मागून घेतली होती. हे मी विसरलो होतो! लपवलं नव्हतं हो, खरंच विसरलो होतो. तेव्हापासून मी गावभर बाबांची गोष्ट सांगत फिरलो, आणि त्या गोष्टीतून माझी प्लेट कधी गायब झाली ते मलाच कळलं नाही.

आणि त्यानंतर मी काय केलं? ते चित्र स्टाफरूममधल्या माझ्या कपाटात, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली ठेवलं. बाकीची बेचाळीस दोरीवर लावली. एकाही चित्रावर नाव नव्हतं, माझं कोणाला कळणार होतं? तरी लपवलं. उद्या बाबा प्रदर्शन पाहायला येणार होते, असं मी स्वतःला सांगितलं. पण लपवलं ते माझ्यासाठी.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला. लोक आधी समोरून पाहत होते. कौतुकाला ऊत आला होता. पोस्ट ऑफिसातले एक बाबू म्हणाले, बोंडा तर असा काढला की उचलून खावासा वाटते. काकाजी त्यांच्या शेजारीच उभे होते. शांतपणे म्हणाले, "तेव्हाच खाल्ला असता तर बरं होतं जी. गरम होता." बाबू हसले. मग दोरीच्या पलीकडे गेले, वाचलं, आणि हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. हळूहळू हॉलमधला आवाज कमी होत गेला. जो तो आपली तारीख, आपला बहाणा ओळखत होता. 'बांधून द्या'च्या चित्रापाशी एक बाई उभी राहून आपला तळहात पाहत होती. दोघं-तिघं तावातावानं निघून गेले. हेडमास्तरांनी मला कोपऱ्यात घेतलं, हे काय लावलं म्हणाले, आणि माझं उत्तर न ऐकता परत एका चित्रामागे जाऊन उभे राहिले. काकू खुर्चीत बसून होत्या, मांडीवर हात ठेवून. त्या दिवशी त्यांनी घरून काहीच आणलं नव्हतं.

काकाजी दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. बोटानं मोजत होते. मग माझ्यापाशी आले.

"एक कमी आहे, मास्तर."

मी म्हणालो, बेचाळीसच दिले होते न तुम्ही. माझ्या तोंडातून हे निघालं. डोळ्यांत डोळे घालून निघालं.

काकाजींना राग आला नाही. त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि फार हळू आवाजात विचारलं, "मग त्याच्या मागंही लिवू का? लेने से इनकार?"

असा फटका मला आयुष्यात बसला नाही. बाबा दारातून आत येत होते आणि मी त्यांच्या बाजूनं पळत स्टाफरूमकडे गेलो. कपाट उघडलं, गठ्ठे खाली पाडले, चित्र आणलं आणि दोरीवर शेवटचा चिमटा लावला. बाबा तिथेच उभे होते. त्यांनी आधी शेवंती पाहिली, मग दुपट्टा. हात आपोआप खांद्यावर गेला. तोच दुपट्टा खांद्यावर होता. ते दोरीच्या खालून वाकून पलीकडे गेले. चष्मा नसल्यानं बोट ठेवून ठेवून वाचलं. वाचून झालं तरी बोट तसंच होतं.

"त्या दिवशी भूक लय लागली होती बे मले," ते म्हणाले.

मग ते काकूंपाशी गेले. आयुष्यभर ज्या माणसानं कोणाकडे काही मागितलं नाही, तो माणूस खुर्चीपुढे उभा राहून विचारत होता, आहे का जी काही खायला. काकू उठून उभ्या राहिल्या. त्यांना काय करावं ते सुचेना. आज तर काहीच केलं नाही म्हणाल्या, रोज करते, नेमकं आज नाही केलं. "उद्या या न जी. उद्या करते."

येतो, बाबा म्हणाले. मी म्हणालो, मी घेऊन येतो काकू, माझ्याकडे लागलं.

दुसऱ्या दिवशी बाबांना यायला जमलं नाही. बाग तोडणीला आली होती, व्यापारी रोज येऊन राहिले होते. पुढच्या शनिवारी कोणाच्या तरी घरी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, निघालं. त्याच्या पुढच्या शनिवारी मीच परीक्षेच्या कामात होतो. काकू दर शनिवारी विचारायच्या, बाबा येऊन राहिले का? आणि उत्तर यायच्या आधीच दोन प्लेटा लावायच्या. एक मी खायचो. दुसरी तशीच राहायची, शेजारी फूल. काकाजींनी प्रदर्शनानंतर रंगाची पेटी उघडलीच नव्हती. मी घाबरत घाबरत एकदा विचारलं, याचं नाही काढत का? "हे वापस कुठी आलं?" ते म्हणाले. "हे अजून रस्त्यात आहे."

भर उन्हाळ्यात काकू गेल्या. चार दिवसांचा ताप, पाचव्या दिवशी नाही. मी सुटीत पांढुर्ण्याला होतो. फोन आला तेव्हा बाबा जेवत होते. आम्ही दोघं गेलो, माती दिली, आलो. त्या घरात त्या दिवशी कोणी प्लेट ठेवणार नव्हतं.

पुढे माझी बदली पांढुर्ण्याला झाली. खोली सोडताना काकाजींनी ते दोन प्लेटांचं चित्र माझ्या हातात दिलं. अर्धं, 'वितरित' लिहिलेलं, त्यांनी ठेवून घेतलं. ते पुन्हा मढवून त्याच भिंतीवर लावलं आहे. आता मी भेटायला गेलो की ते स्वतः चहा करतात, फार गोड करतात, आणि मी संपवेपर्यंत कपाकडे पाहतात.

आमच्या घरी ते चित्र मी भिंतीला लावलं नाही. समोरच्या खोलीत दोरीला, चिमट्यानं, दोन्हीकडून दिसेल असं. येणारे समोरून पाहतात, वा म्हणतात. बाबा रोज त्याच्याखाली जेवायला बसतात. परवा जेवता जेवता त्यांचा हात थांबला. वर न पाहता ते म्हणाले, "मी जाणारच होतो बे."

मी हात धुतला. चित्र काढलं, उलटं केलं. काकाजींच्या अक्षराखाली दोन ओळींची जागा होती. पेन्सिल घेतली आणि तारीख टाकून लिहिलं: 'जाणारच होतो म्हणाले. दोघंही.'